तरवड: बागायतीच्या वेशीबाहेरचे फूल

'बाग' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि येताना पाणी बरोबर घेऊन आला. महसुलाच्या भाषेत 'बागायत' म्हणजे ओलिताची जमीन. तीत फुले असोत वा ऊस असो. तिच्यासमोर 'जिरायत', पावसाच्या भरवशावरची. आणि सात-बाराच्या उताऱ्यावर ह्या दोघींच्या खाली एका कोपऱ्यात 'पोटखराबा' लिहिलेला असतो: खडक, ओहोळ, बांध, माती धुऊन गेलेला मुरूम. तेथे काही पिकत नाही असे गृहीत धरलेले असते. ह्या लेखाचा विषय असलेला तरवड पोटखराब्यातला रहिवासी आहे. त्याला घराच्या परसात लावावे काय, असा एक साधा बागकामाचा प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. पण धारूरसारख्या गावाच्या संदर्भात हा प्रश्न विचारला की विहीर, मोट, कातडे आणि जात हे सारे त्याच्यामागून ओढले जाते, आणि तो निव्वळ बागकामाचा उरत नाही.

धारूर बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेवर. माजलगावकडून येणारा रस्ता गोदावरीच्या खोऱ्यातली काळी माती मागे टाकून घाट चढू लागतो तसा जमिनीचा रंग बदलतो. काळ्याची जागा तांबूस-करडा मुरूम घेतो आणि त्यातून बसाल्टाचा खडक डोके वर काढतो. पाऊस सरासरीने सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण सरासरी ही मराठवाड्यात कागदावरचीच गोष्ट. तिन्ही बाजूंना खोल दरी असलेल्या कड्यावर, विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार किश्वरखान लारी ह्याने १५६७ च्या सुमारास किल्ला उभारला. निजामशाहीच्या सीमेवर असा किल्ला उठणे अहमदनगरला मानवणारे नव्हतेच. थोड्याच अवधीत मुर्तझा निजामशहाने तो घेतला आणि त्या झुंजीत किश्वरखान मारला गेला. पुढे १६३१ मध्ये आझमखानाच्या मोगल फौजेने धारूर काबीज केले. फतेहाबाद हे गावाचे दुसरे नाव ह्या जयपराजयांच्याच काळातले.

१६३१ हे वर्ष आम्ही जरा थांबून वाचतो. दख्खन आणि गुजरातेवर कोसळलेल्या भीषण दुष्काळाचे ते वर्ष. शाहजहानच्या दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ह्याला बादशहाच्या विजयांबरोबर त्या उपासमारीचीही नोंद करावी लागली. किल्ला कोणी बांधला, कोणी जिंकला हे तवारिखांत मिळते. त्या वर्षी तटाखालच्या उतारावर काय हिरवे उरले होते हे सांगणे कोणत्याही दरबारी लेखकाचे काम नव्हते. मात्र बालाघाटाचा उतार आणि तरवडाचा स्वभाव ठाऊक असलेल्याला उत्तराचा अंदाज करता येतो. गुरे तरवडाला तोंड लावत नाहीत. गवत संपते, बाभळीच्या शेंगा संपतात, बोरी ओरबाडल्या जातात. तरवड उभा असतो.

त्याचा परिचय करून देणे आवश्यक आहे, कारण शहरातल्या साहित्याच्या विद्यार्थ्याने तो अनेकदा एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेला असतो आणि नावाने ओळखलेला नसतो. पुरुषभर उंचीचे, फांद्याफांद्यांचे झुडूप. चिंचेच्या पानाची आठवण करून देणारी, पण जाड दलांची संयुक्त पाने. पावसाळा सरता सरता फांद्यांच्या टोकांशी भरगच्च पिवळी फुले. मग चपट्या, कागदासारख्या शेंगा. लिनियसने १७५३ साली त्याला 'कॅसिया ऑरिक्युलाटा' असे नाव दिले. पुढे त्याची गणना 'सेना' ह्या प्रजातीत होऊ लागली. 'ऑरिक्युलाटा' म्हणजे कानवाली. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन गोलसर उपपर्णे असतात, अगदी कानाच्या पाळ्यांसारखी, आणि ती गळत नाहीत. टाकळा, बहावा ह्या भाऊबंदांतून तरवड ओळखण्याची हीच खूण.

त्याच्या फुलाबद्दल एक गोष्ट आमच्या वाचकांना विशेष रुचावी. संस्कृत काव्याने आणि त्याच्या मागोमाग मराठी पंडितकवींनी भ्रमराला मधुलोभी ठरवून टाकले आहे. तरवडाच्या फुलात मध नसतो. तेथे मोठा काळा भुंगा येतो तो परागासाठी. आणि परागकोश असे मिटलेले, की त्यांच्या टोकाला केवळ बारीक छिद्रे. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न फडफडवता अंगातले स्नायू थरथरवतो, आणि त्या कंपाने पराग छिद्रांतून उडतात. आपल्याला ऐकू येणारा गुंजारव हा ह्या मेहनतीचा आवाज. काव्यसंकेतांची यादी करणाऱ्यांनी ह्याची दखल घ्यायला हरकत नाही.

काव्याचा विषय निघालाच आहे तर दक्षिणेकडे पाहू. प्राचीन तमिळ संगम-काव्यात तरवड 'आविरै' ह्या नावाने मानाने वावरतो. प्रेमात नाकारला गेलेला तरुण ताडाच्या झावळ्यांचा घोडा करून त्यावर बसून भर रस्त्यातून जातो, आणि गळ्यात आविरैच्या किंवा रुईच्या फुलांची माळ घालतो, असा एक संकेत त्या कवितेत आहे. लाज सोडलेल्या प्रियकराने उजाड रानातली फुले ल्यावीत, ह्यात मोठी समज आहे. आयुर्वेदाच्या निघंटूंनी त्याला 'आवर्तकी' म्हटले. मराठी कवितेत जाई-मोगऱ्याला, शेवंतीला, केवड्याला जो मान मिळाला तो मात्र तरवडाच्या वाट्याला आला नाही. तो आमच्याकडे कवितेत आला नाही कारण तो कामात होता, असे आमचे मत आहे, आणि ते काम सविस्तर पाहण्यासारखे आहे.

दुष्काळी मुलखात मळा उभा राहिला तो मोटेच्या जोरावर. आजच्या विद्यार्थ्याला मोट चित्रातच दिसते, म्हणून तिची रचना सांगतो. मोठ्या जनावराच्या कातड्याची ती थैली. वर रुंद तोंड, खाली निमुळती सोंड. बैल धावेच्या उतारावरून पुढे जात तसा जाड नाडा मोटेला वर ओढी. बारीक सोल सोंडेला धरून ठेवी. मोट काठाशी आली की सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाने वाफ्यांत पळे. दिवसभर हेच. आता विचार असा करावा, की कच्चे कातडे पाण्यात किती दिवस टिकेल? आठवड्यात कुजेल. विहिरीत महिनोन्‌महिने भिजणारे कातडे हवे असेल तर ते कमावलेले हवे. आणि कमावण्यासाठी लागे बाभळीची किंवा तरवडाची साल, जोडीला हिरडा. तरवडाच्या सालीत १५ ते २० टक्क्यांच्या आसपास टॅनिन असते. तीच त्याची पुंजी. जनावराच्या तोंडाला तो तुरट लागतो, आणि कातडे त्याच तुरटपणाने टिकते. बाभळीच्या सालीने कातडे गडद होते, तरवडाच्या सालीने फिकट आणि मऊ.

हे काम ढोर समाजाचे. कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, केस आणि मांस खरवडून काढायचे, धुवायचे, मग पिशवीसारखे शिवून तीत ठेचलेली साल आणि पाणी भरून टांगून ठेवायचे. सालीचा अर्क कातड्यातून पाझरून खालच्या भांड्यात पडे, तो पुन्हा वर ओतायचा. ह्या संथ, दुर्गंधीने भरलेल्या, अत्यंत कौशल्याच्या क्रियेला मराठीने 'कमावणे' हे क्रियापद दिले आहे. आपण पैसा कमावतो, पुण्य कमावतो, शरीर कमावतो, आणि कातडे कमावतो. नाशवंत वस्तूला श्रमाने टिकाऊ करणे, हा ह्या क्रियापदाचा गाभा कातड्याच्या उदाहरणात जितका स्पष्ट दिसतो तितका पैशाच्या उदाहरणात दिसत नाही.

संत सावता माळ्यांना मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला, विहिरीत आणि मोटेत पंढरी दिसली. मराठी भक्तिकाव्याचा तो एक उंच क्षण आहे, ह्यात शंका नाही. पण त्या मोटेमागे आणखी एक घर होते, गावाच्या कडेला, चुन्याच्या कुंडांपाशी. बसवेश्वरांच्या शरणांत बाराव्या शतकातले कक्कय्या ह्याच व्यवसायातले, आणि ढोर समाज आजही त्यांना आपले मानतो. कल्याणची ती भूमी मराठवाड्याला लागूनच आहे. शरणांनी श्रमाला 'कायक' म्हणून जी प्रतिष्ठा दिली ती गावगाड्याने मात्र दिली नाही. ज्याच्या हाताने मोट घडली तिचे पाणी सवर्णांच्या मळ्यात आणि घरात बिनदिक्कत चाले, आणि त्याच हाताला त्याच विहिरीवर घागर भरण्याची मुभा नव्हती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला तो प्रत्येक गावाच्या विहिरीवर आधीपासून उभा होता. आम्ही तरवडाला 'बागेबाहेरचा' म्हणतो तेव्हा हे ध्यानात असावे. बागेला लागणारी साल वेशीबाहेरून आली, ती साल वापरणारे हातही वेशीबाहेर ठेवले गेले. बाग मात्र दोघांच्या कमाईवर हिरवी राहिली.

सालीचा व्यापार पुढे फार दूर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीने कमावलेली कातडी 'ईस्ट इंडिया' ह्या नावाने लंडनच्या बाजारात विकली जात, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या बुटांसाठी सरकारने हा माल ताब्यात घेतला. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतली वॅटलची साल स्वस्त पडू लागली, क्रोमने कातडे कमावण्याची पद्धत रुळली, आणि तरवडाचा बाजार ओसरला. आपल्या गावांत मोटेचे कातडे आधी लोखंडी पत्र्याने आणि मग विजेच्या पंपाने संपवले. तरवड पुन्हा बिनकामाचा झाला. नवल म्हणजे ह्याच टप्प्यावर तो नजरेआडही झाला. रस्ता रुंद करताना, माळ सपाट करताना तो 'झुडुपे' ह्या सदरात निघतो.

वर्षातून नऊ दिवस मात्र तो घरात येतो. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे शारदीय नवरात्रात घट बसतो: पत्रावळीवर शेतातली माती, तीत धान्य, मधोमध मातीचा घट, त्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर उगवणारे कोंब. आणि ह्या घटावर रोज एक माळ चढते, बहुधा तरवडाच्या किंवा कारळाच्या फुलांची. घट ही घरातली सर्वांत लहान बाग आहे. तीत पाणी आपोआप झिरपते, माती बाहेरून येते, आणि वर माळावरचे फूल लटकते. एरवी परसात न लावलेल्या झाडाचे फूल देवघरात चालते, नव्हे लागते. हा विरोध कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही.

ज्या राज्यात धारूर १९४८ पर्यंत होते, त्या निजामाच्या हैदराबादेतल्या तेलुगू मुलखात ह्याच दिवसांत वेगळे दृश्य असे आणि आजही आहे. बतुकम्माच्या सणात बायका फुलांचे थरावर थर रचून शंकूसारखी रास करतात, तिच्याभोवती फेर धरून गातात, आणि शेवटी तिला तळ्यात सोडतात. त्या राशीत 'तंगेडु' हे मुख्य फूल, जोडीला 'गुनुगु'. तंगेडु म्हणजे आपला तरवड आणि गुनुगु म्हणजे आपला कुरडू. २०१४ साली तेलंगणा राज्य झाले तेव्हा त्याने तंगेडुला राज्यपुष्प केले. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण. सुंदर फूल, पण ओलसर हवेचे, कोकणात आणि नदीकाठी रमणारे. १९५६ मध्ये भाषावार सीमा आखली गेली आणि एकाच पठारावरचे एकच झुडूप सीमेपलीकडे राज्यचिन्ह आणि अलीकडे पोटखराबा ठरले. राज्यपुष्प बदला, अशी मागणी आम्ही करीत नाही. चिन्हे कोणत्या भूगोलातून निवडली जातात एवढेच दाखवायचे आहे.

येथे देशीपणाबद्दल एक खुलासा. झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, आणि झेंडू मेक्सिकोचा. गुलबक्षी अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची. खुद्द धारूरच्या घाटात रानोमाळ वाढणारे आणि २०१६ साली 'बीडचे सीताफळ' म्हणून भौगोलिक मानांकन मिळवलेले सीताफळ हेही मूळचे अमेरिकेचेच. ते आता बालाघाटाचे नाही असे कोण म्हणेल? तेव्हा 'मूळचा' म्हणून तरवडाला अंगणात बोलवा, असा युक्तिवाद आम्हांला पटत नाही. त्याला बोलवण्याचे कारण दुसरे आहे आणि ते आजच्या धारूरच्या घराकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पंपाने विहिरी खोल नेल्या, बोअर आणखी खोल गेले, आणि पाणी जेथे होते तेथे उसाकडे वळले. ज्यांच्याकडे ते नव्हते ते ऊस तोडायला निघाले. धारूर, केज, वडवणी ह्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली 'उचल' फेडेपर्यंत पाचट आणि खोपटी. परत येणे मार्च-एप्रिलात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवते. पण अशी बातमी न होणाऱ्या वर्षांतही ह्या गावांतली कितीतरी घरे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत बंद असतात, किंवा एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या आणि दोन शाळकरी नातवंडांच्या हवाली असतात. ती आजी तुळशीला तांब्याभर पाणी घालील. गुलाबाला कोठून घालणार?

बागकामाची पुस्तके वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. त्या पुस्तकांतला वाचक बारा महिने घरी असतो आणि त्याच्या नळाला पाणी असते. धारूरच्या ह्या अंगणाला त्या पुस्तकातले जवळपास एकही पान लागू पडत नाही. सहा महिने कोणी नसताना जगेल, गुरांपासून स्वतःला राखील, आणि टोळी निघण्याआधी, नवरात्राच्या सुमारास, फुलून दाखवील असे झुडूप त्याला हवे. ते शोधायला रोपवाटिकेत जाण्याचे कारण नाही. तेथे ते सहसा मिळतही नाही.

लावण्याची रीत सोपी आहे, पण बागकामाच्या रूढ सवयींना धरून नाही. रोप पिशवीत वाढवून लावण्यापेक्षा बी जागेवरच टोकावे, कारण तरवड सोटमूळ खोल सोडतो आणि पिशवीत ते वेटोळे घालून बसते. बियांचे कवच कठीण असते. त्या खरबरीत दगडावर हलकेच घासाव्यात, किंवा कढत पाणी ओतून रात्रभर तशाच ठेवाव्यात, आणि मृगाच्या पावसानंतर अर्ध्या बोटाच्या पेराइतक्या खोल पेराव्यात. ऊन भरपूर हवे. मुरूम चालतो, खडकाळ चालते, चिबड मात्र मुळीच चालत नाही. अंगणात काळी माती असेल तर उंचवटा करून त्यावर लावावा. शेणखत भरभरून घालू नये. त्याने पाला माजतो. झाड शेंगांच्या कुळातले असले तरी त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत, तेव्हा जमीन सुधारण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. पडलेला पाला मात्र तेथेच राहू द्यावा. पहिल्या पावसाळ्यात उघडीप लांबली तर दोन-चारदा पाणी पुरे. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नये. त्यांतली बरीचशी फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरे होऊन उडतात, आणि खाल्लेली फांदी पुन्हा फुटते. छाटणीला तरवड घाबरत नाही. सालीसाठी पिढ्यान्‌पिढ्या तो तोडला गेला आणि बुडापासून फुटत राहिला.

पहिल्या वर्षी वर फारसे काही दिसत नाही, वाढ खाली चाललेली असते. फूल दुसऱ्या किंवा तिसऱ्या नवरात्रात. माळेसाठी खुडताना घोसातली उमललेली तेवढीच घ्यावीत. कळ्या दुसऱ्या दिवशीच्या माळेला येतात, आणि भुंग्यालाही काही राहते. फुलांमागून शेंगा धरतात आणि थंडीत वाळू लागतात. कोयते परत येतात तेव्हा त्या कागदी शेंगा झाडावर लटकलेल्या असतात. त्यांतले बी काढून डबीत ठेवायला, पहिल्या पावसाला अजून दोन महिने असतात.